अश्विनीनं नांगर कुठं टाकला

तीर्थरूप भाऊरावदादाच्या पायांवर धाकट्या उत्तमचं डोकं. (डोकं बोटीवर बसल्यापासून जरा डोलून राह्यलं, तेवढं समजून घे.) तुहा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? कोकिळावहिनीले नमस्कार सांग. फोनवर तू 'पोरीले घेऊन ये' एवढंच म्हणतो अन् ठेवून देतो, मले तोंड उघडू देत नाही, म्हणून हे पत्र. पत्राले मधात थांबवता येत नाही.

पुढच्या महिन्यात लोणारचे पाहुणे तुह्या अश्विनीले पाहायले येणार, त्याच्या आंधी नोकरी सोडवून तिले देऊळघाटले आणायचं, हे काम तू माह्यावर टाकलं. 'पोरीच्या जातीनं रात्री पाण्यावर राहायचं म्हणजे काय,' हे तुहं म्हणणं मलेही पटलं होतं. मलकापूरले गाडीत बसलो तो छाती ठोकूनच. मंग मुंबईच्या बंदरात आलो अन् पाह्यतो काय, तर आपली पोट्टी पाण्याची खोली मोजणाऱ्या बोटीची तांडेल! दोन दांडगे खलाशी तिले विचारल्याबिगर दोरीले हात लावत नाहीत. (घरी आपण तिले चहाचे कप विसळायले लावतो.) काम लांबचं होतं, बोट रात्री तिकडंच थांबणार होती, तर साहेबाची परवानगी काढून तिनं मलेही संगं घेतलं.

दुपार कलली तशी ती मुक्कामाची जागा पाहाले लागली. आता दादा, बाजाराच्या वाटेवर बैलगाडी कुठं सोडावी, हे माह्याइतकं कोणाले कळते? मी लगेच हात केला: तिकडं, काठाले लागून, झाडीच्या आडोशाले, समोर चहाची टपरी, पाणी कसं तुडुंब. "काका, हे पाणी जाणार आहे," ती म्हणे. मी लय हसलो. पाणी काय पाहुणा आहे, जायले? लोणारच्या तळ्याचं पाणी जन्मापासून पाहून राह्यलो, कधी जागचं उठून गेलं नाही. तिनं जहाजांची वाट सोडून, बाकीच्या होड्यांपासून दूर, असं मोकळं रान धुंडलं. (सावली नाही, शेजार नाही!) नांगर टाकला, अन् बोट मागं ओढून पाह्यली, खालच्या चिखलानं तो धरला का म्हणून. मंग दोरी सोडाले लागली. सोडते, सोडतेच! मी म्हटलं, पोरी, आखूड बांध, लांब दाव्याचा बैल लोकाच्या वावरात शिरते. ती म्हणे, "पाणी चढलं की आखूड दोरीनं नांगरच उपटते, काका."

तेवढ्यात गॉगलवाल्या मंडळीची एक पांढरीशुभ्र हौशी बोट जागा धुंडत आली. माहा स्वभाव तुले माहीत आहे, वाटसरूले रस्ता सांगतल्याबिगर मले अन्न गोड लागत नाही. अश्विनी खाली गेली होती. मी टोपी हलवून वरडलो: तिकडं जा, झाडीजवळ, एकदम फस्क्लास! ते बिचारे हात जोडून तिकडं गेले.

दिवेलागणीले पाह्यतो, तर पाणी निघून गेलं! बाप्पा रे! तुडुंब होतं तिथं चिखल, चिखलात खेकडे, अन् मधात ती पांढरी बोट म्हशीसारखी कुशीवर पडलेली. गॉगलवाले वरच्या कडेले ओळीनं बसून माह्या टोपीकडं पाहून राह्यले होते. मी टोपी काढली अन् तिच्यावरच बसलो. अश्विनीनं भोंग्यातून त्याहिले धीर देला: चिखलात उतरू नका, पाणी परत येईन, बोट आपोआप उभी राहीन. मी तिले सगळं कबूल केलंच होतं, तर मंग म्हणे, "जागा माझ्या काकांनी सांगितली, आम्ही माफी मागतो." भोंग्यातून, दादा! अख्ख्या बंदरानं ऐकलं.

जेवणं झाली अन् पाणी परत फिरलं. होड्या, जहाजं, सगळ्याहिची तोंडं तोवर जमिनीकडं होती. कोणी हुकूम देल्यावाणी ती सगळी हळूहळू फिरली अन् समुद्राकडं तोंड करून उभी राह्यली. आवाज नाही, काही नाही. आमचीही फिरली, त्या लांब दोरीवर केवढं रिंगण घेतलं, अन् कोणालेच लागली नाही. तवा मले समजलं, तिनं मोकळं रान काऊन धुंडलं होतं. मी हात जोडले. पाण्याले जोडले का पोरीले, मलेच कळलं नाही. पांढरी बोटही उभी राह्यली. अश्विनी किनाऱ्यावरचे दिवे जिथल्या तिथं दिसतात का, ते पाहत बसली, बोट सरकली तर त्यावरून कळते म्हणे. मी ताणून झोपलो.

तू विचारलं होतं, पोरगी रात्री कुठं राहते. पाणी गेलं काय अन् आलं काय, जिथं काही होत नाही, तिथं राहते. मी तिले आणणार नाही. तुले रागवायचं तेवढं रागाव.

तुहा,
उत्तम

ता. क. : परतीची दोन तिकिटं काढली होती, त्यातलं तिचं रद्द कर. माहं आठ दिवस पुढं ढकल. पुढच्या मुक्कामाची जागा ती मले निवडू देणार आहे, अन् मले ते एकदा तरी जमलं पाह्यजे.

आणखी ता. क., फक्त वहिनीसाठी : (दादा, तू इथं चष्मा काढ.) वहिनी, दादानं पाहण्याच्या कार्यक्रमाची साडी पिशवीत ठेवाले सांगतली होती, पिशवीतून निघालं स्वेटर! पोरीनं ते नाकाले लावलं अन् तसंच अंगात घातलं. म्हणजे पोरगी येणार नाही, हे तुम्हाले आंधीच माहीत होतं. आता एवढं करा. लोणारच्या पोराले निरोप द्या, पोरगी पाहायची असन तर बोटीवर ये, ती एकच गोष्ट विचारीन, रात्री थांबायचं कुठं? अन् त्यानं तुम्हालेच उत्तर विचारलं, तर बिनधास्त सांगा: काठाले लागून, झाडीच्या आडोशाले, समोर चहाची टपरी.