सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आलेले डॉक्टर

शिरपूर, मंगळवार

तीर्थरूप द्रौपदाअक्का हिला धाकट्या कुंदाचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. रावेरला तुमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालते, कारण आमच्या गल्लीत तब्येतीचा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून आडपडदा ठेवून लिहिता येत नाही. माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. बोराएवढी. दुखत नाही, आणि दुखत नाही याचीच भीती वाटते (दुखणारी दुखणी मला ठाऊक आहेत, चार बाळंतपणं काढलीत). घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता रडत बसू नकोस, वाच, पुढे हसायचं आहे.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी चौकातल्या दवाखान्यात नंबर लावायला गेले. तिथला छगन कंपाउंडर वहीत नाव लिहितो आणि काय होतंय ते असं ओरडून विचारतो, जसा काही कापसाचा लिलाव चाललाय. बाकड्यावर दहा-बारा माणसं, त्यात आमच्या शेजारची भिकुबाई. भिकुबाईला कळलं म्हणजे थाळनेरपर्यंत कळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, सासूबाईंचा गुडघा. छगननं लिहिलं, झुंबरबाई, गुडघा. म्हटलं, आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगू. तर भिकुबाई माझ्या मागोमाग आत, का तर तिलाही त्या गुडघ्याची काळजी. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठे आहे? मी म्हटलं, त्यांना चालवत नाही (त्याच सकाळी त्या कुरडया वाळत घालायला दोनदा धाब्यावर चढल्या होत्या). मग बुधवारी अकराला मीच घरी येतो, असं ते म्हणाले.

मला बरंच वाटलं. येतील, चहा घेतील, गुडघा बघतील आणि मी हळूच आपलं सांगेन. पण अक्का, आमच्या गल्लीत डॉक्टर घरी येतो तो शेवटचाच. आजवर तीन घरी आले आणि तिन्ही घरी दुसऱ्या दिवशी बांबू आले. भिकुबाईनं दोन दिवसांत सगळीकडे निरोप पोचवले. बुधवारी स्कूटर दाराशी लागली, बॅग खाली उतरली आणि सगळी गल्ली आमच्या ओट्यावर. पिंपळनेरची नणंद कोपऱ्यापासूनच गळा काढत आली. अभिमननाना गंगाजलाची कुपी घेऊन आले (आणि चहाही घेतला). सासूबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "तुम्ही बठ्ठा कसाले जमनात? मना टोंगळा दुखस, जीव नही."

पण इतकी माणसं रडायला लागल्यावर कोणालाही खरंच वाटेल. त्यांनी सूप बाजूला सारलं, आडव्या झाल्या, हातातल्या पाटल्या काढून नणंदेला दिल्या, आणि मला म्हणाल्या, "कुंदा, तुले बठ्ठं माफ शे." सगळं म्हणजे काय काय माफ, ते विचारायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, कारण त्याशिवाय गर्दी हलली नसती.

मग ते हात धुवायला मोरीत आले. ऊन पाणी, नवा साबण, धुतलेला टॉवेल मी आधीच काढून ठेवला होता. तांब्यानं पाणी घालता घालता खालच्या आवाजात सांगून टाकलं. साबणाचे हात तसेच राहिले. कधीपासून, म्हणाले. म्हटलं, दिवाळीपासून (आता होळी आली). तांब्या रिकामा झाला तरी हात पुढेच. मग धुळ्याच्या बाई डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. त्या बाई नव्या पेशंटला फक्त गुरुवारी बघतात. जाताना मला म्हणाले, "घाबरू नका." अक्का, डॉक्टर असं कोणाला म्हणतो ते मला कळतं. तोवर मला नुसती भीती वाटत होती, त्या दिवसापासून घास उतरत नाही.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी गेले नाही. सासूबाईंना शेवटचं बघायला माणसं येत होती, त्यांचा चहा कोण करणार? आता त्या ठणठणीत आहेत, पाटल्या परत मागतात, नणंद देत नाही, आणि भांडण मिटवायला मीच. पण परवाच्या गुरुवारी जाणार म्हणजे जाणार. एकटीच जाईन. तू येऊ नकोस, तुमच्याकडे केळी कापणी चालू असेल, मजुरांच्या भाकरी तुझ्याच अंगावर असतील. मी काही लहान नाही. कळावे, काळजी नसावी.

तुझी कुंदा

ता. क. यांना सांगितलंय की सासूबाईंसाठी धुळ्याहून तेल आणायला जाते. हेच म्हणाले, एकटी कशाला, अक्काला बोलाव. मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे नको म्हटलं असं नाही.

आणखी एक. पत्र पोस्टात टाकलं असतं तर तुला शनिवारी मिळालं असतं, म्हणून आमच्या गल्लीतल्या तोताराम कंडक्टरच्या हाती देते. उद्या सकाळी तो रावेरची गाडी घेऊन निघतो. गाडी तिथे अर्धा तास थांबून परत शिरपूरला फिरते. तुझं घर स्टँडसमोरच आहे. त्याला सांगितलंय, अक्का बसल्याशिवाय घंटी मारायची नाही. तो दाराशी उभा असेल. साडी बदलत बसू नकोस, आहेस तशी ये.