फाइलमधलं अर्थिंग

ती. बाबांना नमस्कार.

खोली बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच वाचून दाखवा.

नगरपालिकेने इलेक्ट्रिक बससाठी बारा चार्जर उभे केलेत. एकालाही अर्थिंग नाही. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, अर्थिंग फाइलमध्ये आहे." तुम्ही जन्मभर वायरमन होतात, फाइलमध्ये पुरलेलं अर्थिंग कधी पाहिलंत का?

सोमवारी उद्घाटन. सुरक्षिततेच्या दाखल्यावर माझी सही हवी होती. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे," हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. शॉक बसला तर ड्रायव्हरला बसेल. साहेब फक्त फीत कापणार.

मी सही केली नाही. पुढच्या महिन्यात कदाचित घरीच असेन.

गुडघा कसा आहे? शिडीवर चढत नाही ना?

अर्थिंगशिवाय बटण दाबायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. रागवायचं तर स्वतःवर रागवा.

तुमची,
थोरली