सातव्या मजल्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा कोडी रचणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. खात्री करायला वकीलबाईंनी चार प्रश्न विचारले. मी त्यांना पाचवा विचारला, तो त्यांना अजून सुटलेला नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणतात काळजीचं कारण नाही, पण कागदावर सही मात्र माझीच घेतात.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलायची, मग डावीकडे ढकलायची. बारा वर्षं सांगते आहे.

२. दोन्ही संगणक आणि कोड्यांच्या एकेचाळीस वह्या माझ्या जाऊबाईंना. आमचा प्रत्येक व्हिडिओ गेम सगळ्यांच्या आधी त्यांनी खेळला. त्यांना खेळांचा मनापासून कंटाळा, म्हणूनच त्यांची पारख खरी.

३. माझी फिरती खुर्ची कोणालाही द्यावी, आमच्या गेमच्या प्रकाशकाला देऊ नये. खेळातल्या दर दारापाशी जाहिरात टाका म्हणणाऱ्या माणसाने उभंच राहावं.

४. आता मुद्द्याचं. आमच्या गेमच्या मालिकेत एक टपालवाली सात मजली इमारतीत एक पाकीट पोचवायला निघते. एका भागात एक मजला. दाराला कुलूप म्हणून माझं कोडं, दारामागे माझ्या धाकट्या भावाची गोष्ट. पाच मजले असे झाले. सहाव्याची गोष्ट मीच लिहिली. लोकांनी कोड्यांचं कौतुक केलं, यातच काय ते आलं. सातवा मजला शेवटचा. कोडी तयार आहेत, दार उघडतं, आणि आत रिकामी खोली. पाकीट कोणाचं आणि त्यात काय, हे फक्त भावाला ठाऊक. तो नऊ वर्षं माझ्याशी बोललेला नाही.

कारण सांगते. पाचव्या मजल्यावर त्याने टपालवालीची आई लिहिली होती. हुबेहूब आमची आई. वाचताना मी रडले, पण त्याला ते सांगितलं नाही. त्याच दारावर मी आरशांचं कोडं लावलं. जाऊबाई चार दिवस अडकल्या. म्हणाल्या, "अगं, काढ हे. इथून पुढे कोणी जायचं नाही." मी ऐकते कसली. शंभरातले नव्वद लोक त्या दारातूनच परत फिरले. भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या कुलपापायी आपली आई कोणाला भेटलीच नाही." मी म्हणाले, "लोक आळशी आहेत, त्याला मी काय करू?"

लोक आळशी नव्हते. मला मिरवायचं होतं. चूक माझी होती, आणि तो सोबत नाही याचं मला रोज वाईट वाटतं.

५. जुन्या मृत्युपत्रात सातवा मजला, शेवट लिहिण्याच्या जबाबदारीसह, भावाच्या नावे आहे. या कागदाने ते रद्द करून तो मजला रिकाम्या खोलीसकट प्रकाशकाला देत आहे. लोक शिव्या घालतील. मी ऐकायला नसेन. बाकी कलमं दोन्हीकडे सारखीच. मात्र दुसरा साक्षीदार म्हणून भावानेच यावं आणि सगळं वाचून मग सही करावी. अरे, सही केलीस, तर माझ्यापासून कायमचा सुटलास. नाही केलीस, तर हा कागद रद्दीत आणि जुना लागू. वकीलबाई म्हणतात, असं कोणी करत नाही. मी म्हटलं, मग मी पहिली.

वरील मजकूर मी कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेला नाही. दडपण असलंच तर ते मी दुसऱ्यावर आणलं आहे.

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: गुरुवारच्या आधीचा शनिवार
मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपीकाका (सही)
साक्षीदार दुसरा: (सही नाही. त्या जागी पेन्सिलीने:)

ताई, सही करत नाही. सोमवारी सकाळी येतो. शेवट मला पाठ आहे, पण मोठा आहे. गुरुवारपर्यंत उरकायचा नाही. तेव्हा दवाखान्यातून परत यायचं.