भाताबाहेरचा धंदा

कर्जत, ता. ९ ऑक्टोबर १९३४

तीर्थरूप भाऊमामांस भाची सुंदरा हिचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. मामींच्या पत्रावरून तुमच्या खोकल्याला तीन आठवडे झाले असे दिसते. चौथा लागण्याआधी छाती तपासून घ्यावी. (हे भाची म्हणून नव्हे, नर्स म्हणून लिहिते, म्हणजे कदाचित ऐकाल.)

तुमच्या विमा कंपनीचा अहवाल पोचला आणि त्याने इथे बराच गोंधळ घातला. आमच्या सूतिकागृहाच्या दोन खाटा ज्या निधीच्या व्याजावर चालतात, तो सारा सरकारी रोख्यांत आहे आणि व्याज उतरले आहे. म्हणून मी निधीच्या पंचांना अहवाल वाचून दाखवला: एवढी मोठी कंपनी निम्म्याहून अधिक पैसे रोख्यांत ठेवते आणि बाकीचे रेल्वे, वीज, कापड, सिमेंट अशा निरनिराळ्या उद्योगांत वाटते, म्हणजे एक बसला तरी दुसरे चालतात. अध्यक्ष आबाजींना हे इतक्या लवकर पटले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढच्या सभेला ते पाच निरनिराळे उद्योग लिहूनच घेऊन आले: भाताची गिरणी, भाताची वखार, भाताच्या गोण्यांचे दुकान, भात वाहणाऱ्या गाड्यांचा अड्डा आणि भाताच्या तुसावर चालणारी वीटभट्टी. (गिरणी त्यांच्या जावयाची आहे. केवळ नोंद म्हणून लिहिते.) मी विचारले, एखाद्या साली भात पिकलेच नाही तर? अड्ड्याचे मालक कोंडाजी हसले. "बाई, धंदे पाच हायत की! एक बुडंल, चार तरतील." मग ते चार कोणते हे बोटांवर मोजू लागले, आणि तिसऱ्या बोटावरून पुन्हा पहिल्यावर आले.

आबाजी मात्र हटेनात. देवाचा कौल घेऊ म्हणाले. सारी सभा उठून देवळात गेली. सदू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली की निधी भातात. मी पाकळ्यांकडे पाहत उभी होते आणि (कबूल करते) माझी नाडी शंभरावर होती. इतक्यात अंबाबाई बोलल्या. त्यांची सून बाळंतपणाला कर्जतला आणताना गाडीतच गेली. निधीतली पहिली रक्कम त्यांच्या पाटल्यांची आहे. म्हणाल्या, "आबाजी, देवाला निवेद कशाचा रं दावता?"

"भाताचा."

"मंग देव बी तुमच्याच धंद्यातला. त्याचा कौल कसा धरायचा?"

सदूने पाकळ्या काढून घेतल्या. तीन हिस्से रोख्यांत आणि एक हिस्सा, माझ्या सूचनेवरून, वीज कंपनीच्या शेअरांत, असे ठरले. त्या रात्री मी पंधरा दिवसांनी नीट झोपले. मामींना नमस्कार.

आपली भाची,
सुंदरा

ता. क. काल एका बाळंतिणीसाठी भिवपुरीला गेले होते. त्याच वीज कंपनीचे तिथले वीजघर घाटावरच्या तळ्याच्या पाण्यावर चालते, आणि तळे पावसावर. भातही पावसावरच. हे मला आधी सुचले नाही. ठरावावर सह्या सोमवारी आहेत. तोवर पावसाकडे न पाहणारा एखादा उद्योग कळवावा. पंचांना तूर्त काही सांगितलेले नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना अंबाबाईंचा निरोप आला: "त्या विजेला पाणी कुठलं गं?" हायसे वाटले. उद्योग कळवाच, पण अहवालाची आणखी एक प्रतही पाठवा, त्यांच्यासाठी. त्यांना वाचता येत नाही. मी वाचेन, चुका त्या काढतील.