भिंतीकडं तोंड केलेला डबा

आबा, तुमाला जाऊन तीस वर्सं झाली, आन् तुमची ही दुसरीतून शाळा सुटलेली लेक आज वहीचं पान फाडून लिहायलीय. शाळा तुमीच सोडवली. कापसावर किडीची पावडर झटकायला माणूस पाहिजे होतं.

माझी नात परभणीला शेतकीचं शिकते. परवा आली, म्हणाली, "आज्जे, पावडर जिथं लय सांडायची ती जागा दाव." तुमच्या शेतातल्या आखाड्यावर नेलं, छपराच्या कोपऱ्यात. चमच्यानं माती पिशवीत भरायली आन् सांगायली, त्या पावडरीत क्लोरीन असतो, म्हणून ती वर्सानुवर्सं मातीत कुजत न्हाई. पण जिथं लय पडली तिथं एखादा बारीक जीव असा निघतो, की त्याच्या अंगातल्या जनुकात तोड लिहिलेली असते. त्यावरून तो एक एन्झाइम बनवतो, ते क्लोरीन तोडून काढतं, आन् उरलेलं तो खाऊन टाकतो. तसला जीव इथं हाय का, ते तिला बघायचंय. मी म्हणलं, "बरंय बाई, किड्याला तोड लिहून दिली. मला नुसती पोटली दिली होती."

आईच्या फाटक्या लुगड्याची पोटली, आत पावडर. पहाटेच्या दवानं पानं ओली, मी झटकतेय, नाकातोंडात भुकटी, हाताची सालपटं निघायलीत. तुमी बांधावरून म्हणता, "पीठच हाय ते. पिठाला कोण भितं?" मी पीठ समजून झटकते. भाऊ नुसता पावडरीच्या डब्याजवळ गेला तर त्याच्या पाठीत धपाटा. मला वाटायचं, सांडवील म्हणून मारता.

डबा अजून त्या छपरातच होता, भिंतीकडं तोंड करून. तुमी तसाच ठेवायचे. मी फिरवला की लगेच परत फिरवायचे. लय नीटनेटका माणूस, म्हणायची मी. नातीनं तो फिरवला. बाकी सगळा गंजलेला, भिंतीकडची बाजू तेवढी शाबूत. तांबडी कवटी, खाली दोन हाडकं.

सासरी कुणी बोललं की मी भांडायची, आमचे आबा अडाणी, त्यांना काय कळतंय. कवटी वाचायला शाळा लागती का, आबा? लेकाला कळवलंत की धपाट्यानं. लेकीला पीठ.

नातीनं वही काढली. "पणजोबाला ठाऊक होतं का ग, हे जहर हाय म्हणून?"

"न्हाई," मी म्हणलं. "त्यांना वाचता येत नव्हतं."

तिनं तसंच लिहून घेतलं. हे पान काही मी कुणाला दावणार न्हाई. ती माती घेऊन गाडीकडं गेली, तवा डबा मीच पुन्हा भिंतीकडं फिरवला.