शेणकिड्याची फळी

५ ऑक्टोबर
नव्या फळीच्या नमुन्याचा खरा खर्च: एक डबा रेझिन, बायकोची, सत्यशीलाची परात, आणि त्या परातीवरून तिचं बोलणं. बोलणंच महाग पडलं.
पण धाकट्या बहिणीसाठी करतोय. ऊसतोडीत अंजू डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते. लाकडी फळी उचलूनच तिची कंबर गेली. भाऊ फायबरच्या टाक्या करतो आन् बहीण लाकडं वाहते?
आमच्या पोरीनं, ऋतुजानं कॉलेजातून व्हिडिओ पाठवला. शेणकिड्याचं कवच: दोन पातळ पापुद्रे, मधे बारीक खांब, दोन्हींना धरून. वजन नाही, पण चिरडतही नाही. मी सातवी नापास. एका नजरेत समजलो.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
खांब किचकट. किड्याला वेळ असतो, मला ऑर्डरी. मधे थर्माकोल घातला. रेझिन थर्माकोल खातं, म्हणून आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळला. अक्कल लागते. ऋतुजा फोनवर म्हणे, पप्पा, खांब कुठायत? पापुद्रे एकमेकांना धरणार कशानं? रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर
रुपयानं ठोकून पाहिलं. आपला कान म्हणजे मशीन. मांजरसुंब्याच्या चौकात हॉर्न ऐकून ट्रक कुणाचा ते सांगतो. फळी कडेला टण्ण, मधे ढब. हवा दमट आहे. रंग बसला की सुधारेल.

१४ ऑक्टोबर
रंग दिला. आवाज तोच. ठोकणं बंद.

१८ ऑक्टोबर
टोळी निघाली. मुकादम बजरंग म्हणे, शेठ, ही फळी हाय का पापड? म्हटलं, मोळ्या घेऊन दोघं एकदम चढा बे, वाकली तर मिशी उतरवीन. अंजूनं एका हातानं उचलली. म्हणे, दादा, लई हलकी हाय रे. तिचा नवरा लखन मात्र जुनी लाकडी फळीही ट्रॅक्टरवर टाकत होता. मी उतरवून घेतली. माणसाचा विश्वास पाहिजे.

३ नोव्हेंबर
बजरंगचा फोन. फळी मोडली. अंजू पाठीवर पडली. मोळी जादा बांधली असणार. सांगितलेलं ऐकत न्हाईत. पुढच्या फळीला पापुद्रा जाड करू.

४ नोव्हेंबर
पाय हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. डॉक्टर तरुण आहे. ऋतुजा फोन उचलत नाही.

६ नोव्हेंबर
दवाखान्यात गेलतो. लखनला विचारलं, मोळी एवढी जड कावून बांधली? तो म्हणाला, भरायला सुरुवातच न्हवती झाली. दोर ट्रकात राहिला होता, तो आणायला चढली.
डोक्यावर काही नव्हतं.