दहा तासांचा चार्जर

।। श्री ।।

बालीगंज, कोलकाता
३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सरला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून निदान माझं अक्षर तरी टिकून आहे. प्रकाशरावांचा गुडघा आता बरा असेल.

इकडची बातमी चांगली नाही. शकुनचा आजार मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळीपर्यंत जे करायचं ते करून घ्या. तिला मी हे सांगितलेलं नाही. तिच्या मनात एकच आहे, एकदा बोलपूरला लेकीच्या घरी, चैत्रालीकडे जायचं. आगगाडीत चढणं तिला शक्य नाही. पण आमच्या चिरंजीवांनी, अनीशनं, बंगलोरला जाताना त्याची जुनी घेतलेली विजेची गाडी आमच्याकडे ठेवली आहे. पुढची सीट मागे पाडली की शकुन नीट आडवी होते आणि धक्के बसत नाहीत.

अडचण अशी की बोलपूर एकशेसाठ किलोमीटर. एकदा गाडी भरून जाऊन-येऊन होत नाही, आणि घरचा चार्जर भिंतीत पक्का बसवलेला. वाटेतल्या सार्वजनिक चार्जरवर माझा भरवसा नाही. एक बंद असतो, दुसऱ्यापुढे रांग असते. म्हणून बरोबर नेता येईल असा पोर्टेबल चार्जर घ्यायचा आहे. दोन बघून ठेवलेत. मोठा साडेचार तासांत गाडी भरतो, छोट्याला दहा तास लागतात. मोठाच घ्यावा म्हणतो, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथे फार वेळ थांबणं नको. कारण तुला ठाऊक आहे.

प्रकाशरावांनी जन्म वीज मंडळात काढला, त्यांचं मत विचारून कळव. माया आहेच, ती तशीच राहो.

तुझा,
श्यामदादा


बालीगंज
७ सप्टेंबर

प्रिय सरलावन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मला सांभाळायला येणाऱ्या आयाच्या हाती टपालात टाकते आहे. ह्यांना कळू देऊ नका.

मला काही ठाऊक नाही असं ह्यांना वाटतं. वाटू दे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले ते माझ्याशी गोड बोलायला लागले, तेव्हाच मी ओळखलं. एरवी चहात साखर जास्त झाली तर बँकेच्या ऑडिटरसारखा चेहरा करणारा माणूस!

तीन वर्षांपूर्वी चैत्रालीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर महिन्याभरानं आम्ही दोघं बोलपूरला गेलो. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे तुमच्या माहेरचं जुनं खूळ. पोरीनं वरणभात करून पानं मांडली होती, आणि हे आपली पाण्याची बाटली नि घरून नेलेले पराठे घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिले. ती एवढंच म्हणाली, बाबा, मग येऊच नका. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद आहे. हे दुष्ट नाहीत हो. वडिलांनी पाळलं म्हणून पाळलं, आणि आता मागे कसं यायचं ते कळत नाही.

आता ऐका. हे पाणी पिणार नसले तरी गाडीला वीज लागणारच, आणि ती तिच्याच घरची घ्यावी लागणार. मोठा चार्जर असला तर चार तास हे गाडीतच पेपर वाचत बसतील. दहा तास कोण बसेल उपाशी, तेही मधुमेहाचा माणूस? भाड्याची गाडी मी नको म्हटलं ते ह्याचसाठी. ड्रायव्हरचं निमित्त करून दारातूनच परत फिरतील. तेव्हा प्रकाशरावांना सांगा, छोटाच चांगला असं लिहा. थोडं खोटं लिहावं लागलं तर पाप माझ्या माथी.

ह्यांनी माझ्यासमोर लेकीच्या हातचं जेवावं, एवढंच राहिलं आहे. बाकी माझं सगळं झालं.

तुमच्या मायेत ठेवा.

तुमची,
शकुनवहिनी


।। श्री ।।

मिरज
१८ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

वहिनीच्या आजाराचं वाचून रडू आलं. आता कामाचं लिहिते. हे म्हणतात, मोठ्या चार्जरचा विचार सोड. त्याला कारखान्यात असतो तसला जाडजूड गोल सॉकेट लागतो, तो कुणाच्या घरात नसतो. छोटा चार्जर गिझरच्या साध्या सॉकेटवर चालतो. मात्र अर्थिंग नीट हवं. ते नसेल तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि तो वीज घेतच नाही. एक्स्टेंशनची वायर लावून जुगाड करू नकोस, दहा तासांत ती तापून वितळेल.

बोलपूरच्या घरात अर्थिंग आहे का, हे चैत्रालीशिवाय कोण सांगणार? तेव्हा तिलाच विचार. आणि दादा, तू साधं पातेलं घ्यायचं तरी चार दुकानांत टिचक्या मारून बघतोस. या वेळी तसं करू नकोस. लवकर जा.

तुझा आशीर्वाद असू दे, आणि वहिनीच्या कपाळावरून माझा म्हणून एकदा हात फिरव.

तुझी,
सरला


।। श्री ।।

बालीगंज
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सरला हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रकाशरावांचा शब्द मानून छोटाच चार्जर मागवला. चैत्रालीला तीन वर्षांनी पत्र लिहिलं. त्यात दोनच ओळी. तुमच्याकडे गाडी लावायच्या जागेजवळ सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का, आणि त्याचं अर्थिंग तपासलं आहे का, ते कळवावे. खाली बाबा लिहावं की सही करावी यात अर्धा तास गेला. शेवटी सही केली.

उत्तर म्हणून फोटो आला. जावयांनी, म्हणजे कौस्तुभरावांनी, वायरमन बोलावून अंगणात खड्डा खणला, नवीन अर्थिंग केलं आणि पोर्चमध्ये सॉकेट बसवला. फोटोच्या मागे तिनं लिहिलं आहे, कधी येताय. शकुन तो फोटो उशीखाली ठेवते आणि येईल त्याला दाखवते. सॉकेटचा फोटो इतक्या कौतुकानं दाखवणारी बाई अख्ख्या कोलकात्यात दुसरी नसेल.

पण जाणं अजून जमलेलं नाही. तीनदा तारीख ठरवून तिकडे कळवली, तीनदा आयत्या वेळी पुढे ढकलली. चार्जरच आलेला नाही. कुरिअरवाले दुर्गापूजेच्या सुट्ट्यांचं कारण सांगतात. आता वादळाचा इशारा आहे, ते ओसरलं की बघू. शकुन दिवसातून बराच वेळ झोपूनच असते.

तुमचा लोभ आमच्याकडे वळलेला असू दे.

तुझा,
श्यामदादा


मिरज
२६ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

वहिनी गेल्याचं अनीशनं सतरा तारखेलाच कळवलं. मी आठ दिवस कागद समोर घेऊन बसते आहे आणि काय लिहायचं ते सुचत नाही. ह्यांचा गुडघा मला इथून हलू देत नाही, नाहीतर मी आले असते.

तिचं मला आलेलं एक पत्र सोबत पाठवते. तुला कळू देऊ नको असं तिनं बजावलं होतं, म्हणून बोलले नाही. तेव्हाच तुझ्यासमोर ठेवलं असतं तर कदाचित तू उठला असतास. मला वाटलं, वेळ आहे. वाच, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर रागाव. मी ऐकून घेईन.

जेवत जा, दादा.

सरला


बोलपूर
८ डिसेंबर २०२४

चि. सरला,

आज सकाळी एकटाच गाडी घेऊन इथे आलो. गाडी पोर्चमध्ये लावली आहे. चार्जर जोडल्यावर पहिल्या झटक्यात हिरवा दिवा लागला. अर्थिंग उत्तम केलं आहे, प्रकाशरावांना सांग.

तुला एक सांगायचं आहे. तुझ्यावर मी कसा रागावू? चार्जर अठ्ठावीस सप्टेंबरलाच आला होता. पूजेच्याही आधी. मी तो डिकीत चादरीखाली ठेवला होता. तुला खोटं लिहिलं, शकुनला खोटं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारायची, आला का. मी रोज नाही म्हणायचो. खाली गाडीत तो होता, सरला, आणि मी वर तिच्या उशाशी बसून नाही म्हणत होतो.

भीती वाटत होती. चैत्रालीच्या घरी पानावर बसलो असतो तर ज्या दिवशी पोरगी रिकाम्या ओटीनं बसली होती, त्या दिवशी मी तिच्यापुढे बाटली घेऊन बसलो, हे कबूल करावं लागलं असतं. ते मला होईना. उद्या जाऊ, परवा जाऊ असं करत राहिलो. मुलीच्या घरचं न जेवण्यात काही पुण्य आहे असं मला आता वाटत नाही. तेव्हाही वाटत होतं का, कोण जाणे.

आईच्या दिवसांत चैत्राली कोलकात्याला होती, पण माझ्याशी बोलली नाही. आज तिनं दार उघडलं आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. मी ते प्यालो. मग पान वाढलं, जेवलो. वरण, भात, मटार-बटाट्याची भाजी. ती समोर बसली होती. तेव्हा मी तिला चार्जरचं खरं सांगितलं, आणि शकुनचं पत्र तिच्या हाती दिलं. तिनं ते वाचलं. म्हणाली, ठरलेल्या तिन्ही तारखांना तिनं आईसाठी मऊ भात आणि दुधीची भाजी करून ठेवली होती. एवढंच म्हणाली. मग माझ्या पानात आणखी एक मूद भात घातला आणि पत्र घेऊन आत गेली. दार लावून घेतलं आहे.

त्याला आता दोन तास झाले. कौस्तुभराव मधूनमधून येऊन बसतात, चहा विचारतात. दोनदा दाराशी जाऊन आले. मी हाक मारलेली नाही. कुठल्या तोंडानं मारू?

गाडी भरायला अजून सहा तास लागतील. तोवर मी इथेच आहे.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. तरी ठेव.

श्यामदादा